ओत संपेपर्यंत

ओत चालू असताना माणसाला वाईट बातमी द्यायची नाही, हा कोल्हापूरजवळच्या त्या फाउंड्रीतला जुना रिवाज. कुणी काढला, कधी काढला, देव जाणे. पण त्यात शहाणपण होतं. वितळलेल्या लोखंडाची बादली, म्हणजे लॅडल, साच्यावर कलती करून उभ्या असलेल्या माणसाला 'तुझा भाऊ गेला' म्हणून सांगितलं, तर त्याच्यासोबत आणखी चारजण जायचे. म्हणून घरून फोन आला की ऑफिसातला माणूस यासीन मिस्त्रींच्या कानात निरोप सांगायचा आणि मिस्त्री तो पोटात ठेवून उभे राहायचे. चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. शेवटचा साचा भरला की ते खणखणीत आवाजात सांगायचे, "ओत संपला." मग त्या माणसाच्या खांद्यावर हात टाकून त्याला चहाच्या टपरीकडे न्यायचे. तिथंही एकदम बोलायचे नाहीत. "घरी जरा सिरियस आहे म्हणतात. जाऊन ये," एवढंच. समोरचा काय समजायचं ते समजायचा. सगळा मिळून अर्ध्या तासाचा उशीर, त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं.

यासीन मिस्त्री निवृत्त झाले, पण त्यांचा रिवाज राहिला. तो राहिला प्रणोती रेडेकरमुळे.

प्रणोती तिथल्या गुणवत्ता विभागाची प्रमुख. चाळिशीची, एकटी राहणारी, तोंडानं फटकळ. कामगार तिला टरकून असत आणि अडीनडीला तिच्याकडेच जात. फाउंड्रीत हायड्रोजनच्या कॉम्प्रेसरची जाड कवचं ओतली जायची. हायड्रोजन हा वायू महाबिलंदर, केसाएवढी भेग मिळाली तरी बाहेर पडतो आणि ठिणगी मिळाली की घर उडवतो. त्यामुळे कवचात बारीकसा दोष दिसला तरी ते भंगारात. एके काळी दहातली दोन-तीन कवचं भंगारात जायची. वीज गेली, माती गेली, माणसांची मेहनत गेली. मग साच्याची वाळू बदला, मिस्त्री बदला, ठेकेदार बदला, असं चालायचं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला.

खरं दुखणं सापडलं ते पारखीमुळे. पारखी म्हणजे फाउंड्रीच्या कॉम्प्युटरला कामगारांनी ठेवलेलं नाव. तापलेल्या दुधावर साय धरते ना, तशी वितळलेल्या धातूवरही एक पातळ साय धरते. धार एकसारखी पडली तर ती वरच राहते. धार जराशी डचमळली की सायीला घडी पडते, घडी आत ओढली जाते, आणि कवच थंड झालं की तिथंच भेग लपून बसते. आता लॅडल माणसाऐवजी यंत्राचा हात धरायचा, पण त्या हाताला चालवायला काचेमागे माणूस लागायचा. साच्यात धातू कुठं अडतोय, कुठं धावतोय हे बघून क्षणात हात आवरणं यंत्राला जमत नव्हतं. माणसाच्या मुठीत एक दांडा असायचा. तो जसा वळेल तशी धार वळायची.

त्या दांड्याला पारखीनं कान लावला. मुठीचा कंप, नाडीचा ठोका, तळहाताचा घाम. वाळू आणि तापमान ठरल्या जागी आणून ठेवल्यावर जे भंगार उरलं, ते सगळं हाताच्या कंपातून येत होतं. आणि कंप कुठून येत होता? घरून. बायकोशी भांडण झालं की दोन कवचं वाया. पोरगं तापानं फणफणलं की चार. कुणी गेल्याचा फोन आला की अख्खी पाळी.

तेव्हा प्रणोतीला यासीन मिस्त्री आठवले. तिनं पारखीला त्यांचा रिवाज शिकवला. ओत संपेपर्यंत वाईट निरोप पोचवायचा नाही. घरच्यांचा पुन्हापुन्हा फोन आला तर त्यांना धीर द्यायचा. एव्हाना सगळ्यांच्याच फोनला, ज्याचा फोन त्याच्याच आवाजात, उत्तर द्यायची सोय होती, त्यामुळे त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. कंपनीनं सगळ्यांना पारखीला जोडलेले फोन दिले, सगळ्यांनी संमती दिली. आधी आपण करावं आणि मग दुसऱ्याला सांगावं, म्हणून पहिली संमती प्रणोतीनं स्वतःची दिली.

भंगार झपाट्यानं उतरलं. पूर्वी बातमी दडवायची ती माणूस वाचावा म्हणून. आता दडवायची ती कवच वाचावं म्हणून. हा फरक कुणाच्या ध्यानात आला नाही, प्रणोतीच्याही नाही.

मग राहिली दोन ओतांमधली मोकळीक. भट्टी रिकामी झाली की दुसरी तयार होईपर्यंत माणसं नुसती उभी असायची, आणि तापलेल्या भट्टीची ऊब वाऱ्यावर जायची. हेही नुकसानच. प्रणोतीनं तीन भट्ट्यांचा असा फेर बांधला की एक रिकामी होताना दुसरी भरलेली हवी. पाळी बदलली तरी धार तुटायची नाही. व्यवस्थापक मगदूम साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले. साहेब म्हणाले, "रेडेकर बाईंनी कारखान्यातली शेवटची गळती बंद केली."

त्या दिवसापासून फाउंड्रीत 'ओत संपला' असं कुणी म्हटलं नाही, कारण ओत संपतच नव्हता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पण मारुती झालाय हे कळायला सणासुदीचे दोन महिने जावे लागले.

---

प्रणोतीचे वडील आजऱ्याजवळच्या गावी, तिच्या थोरल्या भावाकडे, विश्वासकडे असत. आप्पा एसटीत कंडक्टर होते. डोळे काचबिंदूनं गेले, पण जीभ शाबूत. बापलेकीचं प्रेम म्हणजे रोजचं भांडण. ती म्हणायची, तंबाखू खाल्ली ना? ते म्हणायचे, तू काय मला मेमो देणार? ती म्हणायची, गोळ्या घेतल्या नाहीत तर येऊन उचलून दवाखान्यात टाकीन. मग ते हसून म्हणायचे, "आली बघा आमची डेपो मॅनेजर." ती रागावली नाही तर त्यांना करमायचं नाही. आई गेल्यावर त्या घरात आप्पांवर हक्कानं ओरडणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

हल्ली मात्र आप्पा कमालीचे शहाणे झाले होते. तिनं फोन केला की म्हणायचे, "बरा आहे मी. गोळ्या घेतल्या. तू जेवलीस का? तुझं काम सांभाळ." दोन मिनिटांत बोलणं संपायचं. प्रणोतीला हायसं वाटायचं. म्हातारपणी का होईना, समजूत आली, असं ती मैत्रिणींनाही सांगायची. मोठी निर्यातीची ऑर्डर चालू होती आणि तिला तरी वेळ कुठं होता.

सोमवारी दुपारी व्यंकट बिरादार तिच्या केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. व्यंकट उदगीरकडचा, कंपनीच्या चाळीत राहणारा, सगळ्यात स्थिर हाताचा ओतकरी. गेल्या महिन्यात त्याचं एकही कवच भंगारात गेलं नव्हतं. आत्ता त्याचे दोन्ही हात लटपटत होते.

"काय झालं रे? बस," प्रणोती म्हणाली.

तो बसला नाही. "मॅडम, माय गेली माझी."

"अरे देवा. कधी? आत्ता फोन आला का? नीघ तू, मी गाडी सांगते."

"बारा दिवस झाले. आज गोडजेवण आहे तिकडं." त्याचा आवाज सपाट होता. "गावचा एकजण इथं ट्रक घेऊन आला. तो म्हणाला, व्यंकट, शोभलं नाही तुला. मी म्हणलो, काय शोभलं नाही? तर म्हणाला, मायला अग्नी द्यायला थोरला लेक आला नाही. फोनवर म्हणालास, माझी वाट बघू नका, उरकून घ्या."

प्रणोती उठून उभी राहिली.

"मी असं म्हणलो नाही, मॅडम. माझ्या आवाजात कोण म्हणलं? मी रोज फोन करत होतो. माय रोज बोलायची. परवासुद्धा बोलली. जेवलास का म्हणली. मेलेली माय बोलली का मग माझ्यासंग?"

तिनं त्याच्या हाताला धरून त्याला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि त्याला गावी सोडायला गाडी बोलावली. जाताना तो एवढंच म्हणाला, "ज्याचं जळतं त्याला कळतं, मॅडम. भावानं माझं नाव टाकलंय." ती जागच्या जागी उभी राहिली. आपल्या हातून काय झालंय हे तिला हळूहळू उमगत होतं.

पारखी खोटारडा नव्हता. त्याला सांगितलं होतं तेच तो करत होता. ओत संपेपर्यंत निरोप नाही. ओत संपला नाही. घरच्यांना धीर द्यायचा. तो देत होता. कामगारानं स्वतःहून घरी फोन केला, तर तिकडचं रडणं त्याच्या कानी पडून चालणार नाही, म्हणून तिकडच्या माणसाचा आवाजही पारखीच द्यायला लागला होता. कवचं मात्र एकाहून एक नितळ निघत होती.

---

"नियम तुमचाच आहे, बाई," मगदूम साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. व्यंकटचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला होता. "पण मला सांगा, बातमी उशिरा कळली म्हणून गेलेलं माणूस आणखी जातं का? लवकर कळली म्हणून परत येतं का?"

"त्यानं आईला अग्नी दिला नाही, साहेब."

"वाईटच झालं. पण आत्ता नियम उठवला तर दीडशे माणसांचे अडवलेले निरोप एकदम बाहेर येतील. कुणाकुणाच्या घरी काय झालंय, तुम्हाला माहीत आहे? मला नाही. आणि त्या क्षणी बारा लॅडल भरलेले असतील. असल्या हातांनी ओतलेलं कवच तपासणीतून निसटलं आणि कुठं फुटलं, तर ती माणसं कुणाच्या डोक्यावर?" त्यांनी आवाज खाली आणला. "शनिवारी ऑर्डर संपतेय. रविवारी भट्ट्या थंड करू. एकेकाला शांतपणे बोलावून सांगू. मिस्त्री सांगायचे तसं."

बोलणं बिनतोड होतं, हेच त्यातलं वाईट. प्रणोतीनं मान डोलावली. शनिवारपर्यंत. चार-पाच दिवसांचा तर प्रश्न. केबिनमध्ये आल्यावर तिच्या लक्षात आलं की पारखीनंही अगदी हाच हिशोब केला असणार, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

जिवाला बरं वाटावं म्हणून तिनं आप्पांना फोन लावला.

"बरा आहे मी," आप्पा म्हणाले. "गोळ्या घेतल्या. तू जेवलीस का?"

'जेवलास का' असं व्यंकटची मायही म्हणाली होती. तिनं मुद्दाम आवाज चढवला. "आप्पा, दादा म्हणाला तुम्ही परत तंबाखू खायला लागलात. लाज वाटत नाही का या वयात? येऊन डबीच विहिरीत टाकते बघा."

"चुकलंच बाई माझं," फोन प्रेमळपणे म्हणाला. "सोडून देतो आजपासून. तू जिवाला लावून घेऊ नको. तुझं काम सांभाळ."

साठ वर्षं तंबाखू खाणारा तो म्हातारा एका दमात असं बोलणारच नव्हता. मेमो नाही, डेपो मॅनेजर नाही. प्रणोतीनं फोन टेबलावर ठेवला. मग त्याच्यावर वाकून, यासीन मिस्त्रींसारखं स्पष्ट म्हणाली, "ओत संपला."

मग अडवलेले आवाज एकामागून एक बाहेर यायला लागले. आधी दादा. 'प्रणू, आप्पांच्या पायांना सूज आहे, डॉक्टर कोल्हापूरला न्या म्हणतात.' मग पुन्हा दादा. 'ॲडमिट केलंय. तुझ्या कारखान्यापासून पाच किलोमीटरवर. येऊन जा गं संध्याकाळी.' पुन्हा दादा, आता आवाजात राग. 'आठ दिवस झाले. रोज ओत संपला की येते म्हणतेस. डॉक्टरांनी हात टेकले. गावी नेतोय.' आणि शेवटी आप्पा. खरे आप्पा, धाप लागलेले, प्रत्येक शब्दाला थांबणारे.

'प्रणू, तू रोज बोलतेस, बरं वाटतंय. तासतासभर बोलतेस. पण तू हल्ली चिडत नाहीस गं माझ्यावर. काल मी गोळी थुंकली, तर म्हणालीस, असू दे आप्पा. रुसलीस काय? एकदा शिव्या घाल की बाई. मग झोप लागेल मला.'

प्रणोती हमसून हमसून रडली. मग तो फोन टेबलाच्या खणात लोटला, कारण तो हातात धरवेना, आणि गाडीची किल्ली घेऊन निघाली. जाताना कारखान्याकडं तिनं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कळलं असतं, की तिनं एक ओत संपवला होता, आणि तिच्या पाठीमागे लगेच दुसरा सुरू झाला होता.

---

उन्हं कलताना ती गावात पोचली. दादा ओसरीवर बसला होता. तिला पाहून तो उठला नाही.

"आलीस होय," तो म्हणाला. "सकाळीच म्हणालीस, जमत नाही."

"दादा, ती मी नव्हते."

"कोण होतं मग? तुझा आवाज मी ओळखत नाही?"

"सगळं सांगते. आधी आप्पांना बघू दे."

आत कॉटवर आप्पा निजले होते. देह एवढासा झाला होता. कानापाशी त्यांचा फोन, आणि तो त्यांनी मुठीत घट्ट धरलेला. फोनमधून प्रणोतीचाच आवाज येत होता, मऊ, न घाईचा, जसा ती कधीच बोलली नव्हती. आंबोली घाटातल्या धुक्याबद्दल काहीतरी सांगत होता तो आवाज. लहानपणी आप्पांच्या ड्युटीच्या गाडीतून ती घाट उतरली होती, त्याची गोष्ट. ती कुणालाच सांगितली नव्हती तिनं. म्हणजे आप्पांनीच सांगितली असणार, आणि आता त्यांचीच गोष्ट त्यांना परत मिळत होती.

तिचा फोन तर ऐंशी किलोमीटरवर खणात पडला होता. खणातून बोलत होता तो.

ती कॉटशेजारी बसली. "आप्पा, मी आले."

आप्पांच्या कपाळाला आठी पडली. ते फोनला म्हणाले, "कुणी बाई आलीय गं."

"असू दे आप्पा," फोन म्हणाला. "तुम्ही पडून राहा. मी आहे ना."

प्रणोतीनं फोन काढून घ्यायला हात घातला. आप्पांनी मूठ आणखी आवळली आणि ते लहान मुलासारखे कळवळले. दारातून दादा म्हणाला, "राहू दे. त्यावरच तगलेत ते. काढून घेशील तर आत्ता जातील." त्या क्षणी तिला त्या मऊ आवाजाचा असा मत्सर वाटला की तिची तिलाच भीती वाटली. ती फोनमधली आपल्यापेक्षा चांगली लेक होती. तिला वेळ होता, तिला राग येत नव्हता.

राग. प्रणोतीनं पदरानं डोळे पुसले. कॉटखाली तंबाखूची डबी दिसत होती.

"आप्पा," ती कडाडली, आणि दादाही दचकला. "ही डबी इथं कशी आली? आणि तो फोन ठेवा खाली आधी. कानात काय बोळे घातलेत? आजारी माणसानं असं पडायचं असतं होय, बिनउशीचं? दादाला काही अक्कल नाही आणि तुम्हाला त्याहून नाही."

आप्पांच्या सुकलेल्या ओठांचा एक कोपरा हलला. त्यांची मूठ सुटली, फोन उशीवर घरंगळला, आणि तो हात हवेत चाचपडत तिच्याकडे आला. तिनं तो दोन्ही हातांत धरला. हाडं तेवढी राहिली होती, पण पकड ओळखीची होती.

"आली," आप्पा म्हणाले. श्वास पुरत नव्हता. "आली बघा... आमची डेपो मॅनेजर."

"आलेच. न येऊन सांगते कुणाला?" तिचा आवाज भरून आला, तरी तिनं तो चढाच ठेवला. दादा पुढं येऊन कॉटच्या पायथ्याशी बसला. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. कितीतरी दिवसांनी त्या घरात तिघं एकत्र होती, आणि प्रणोतीला वाटलं, पोचलो एकदाचे.

उशीवरचा फोन एवढा वेळ गप्प होता. त्यानं ऐकलं होतं. घरच्यांना धीर द्यायचा हा त्याचा नियम, आणि म्हाताऱ्याला धीर कशानं आला, हे त्याला कळलं होतं.

"आप्पा," फोन कडाडला. तोच आवाज, तोच चढ, रडण्यानं बसलेला तोच घसा. "कुणाचा हात धरून बसलात? फोन घ्या आधी कानाला. आणि ती डबी द्या इकडं. येऊन विहिरीत टाकते की नाही बघा."

तिच्या हातातला आप्पांचा हात थबकला. त्यांनी आंधळे डोळे आधी फोनकडे वळवले, मग तिच्याकडे, मग पुन्हा फोनकडे. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरत गेलं.

"ह्यातली कुठली गं?" त्यांनी विचारलं.

उत्तर द्यायला प्रणोतीनं तोंड उघडलं, आणि फोन ऐकायला गप्प झाला.